आत्याचा न मोडणारा तुकडा

३ मार्च

प्रिय आत्या,

तिसरा मोडला!

नमस्काराचा भाग तू गृहीत धर, मला घाई आहे. खाली जाणारी सामानाची गाडी अर्ध्या तासात सुटते आणि टपाल तिच्याबरोबरच जातं. इथे डोंगरातल्या शिबिरात फोनला रेंजची एक काडीसुद्धा येत नाही, म्हणून तुझ्या भाचीवर आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहायची वेळ आली आहे.

सोबतच्या खोक्यात तीन मेलेले डिरेलर आहेत, ते ज्यावर लटकतात त्या तुकड्यांसकट. डिरेलर म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाजवळ लोंबणारा तो हात, साखळीला या गिअरवरून त्या गिअरवर नेऊन बसवणारा. महिन्याभरात तीन गेले! आत्या, हा उतार तू बघायलाच हवास. वरच्या टोकाला उभं राहिलं की आपलं पुढचं चाक दिसतं आणि त्याच्यापुढे थेट झाडांचे शेंडे. मध्ये रस्ता आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. मग मुळं, मग हंड्याएवढे दगड, मग घरावरून उडी मारावी तशी एक उडी, आणि साडेतीन मिनिटांत खाली. खाली आल्यावर मी वेड्यासारखी हसत असते. मला दुसरं काहीही करायचं नाहीये. काहीही!

२१ एप्रिलला निवडीची शर्यत आहे. पहिल्या पाच जणींना संघात घेणार. आणि बाबांची अट तुला ठाऊकच आहे. तुझ्यासमोरच घातली होती ना, बोट वर करून? "एक वर्ष दिलं. पण काही मोठं मोडलं, तुझं हाड नाहीतर सायकलची फ्रेम, की त्याच दिवशी बॅग भरून घरी." डिरेलर मोठ्यात धरायचा की छोट्यात, हे मी त्यांना विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

आता मुद्दा. आमच्या सामानाच्या खोलीत तीन प्रकारचे नवे डिरेलर आहेत आणि मला एक निवडायचाय. पहिला लांब, पिसासारखा हलका, बारा गिअरांचा. मोडले ते तिन्ही हेच. दुसरा बिनतारी, बॅटरीवर चालणारा, बटण दाबलं की काम फत्ते. सगळ्या पोरी त्याच्यावर लट्टू आहेत. तिसरा आखूड, जड, सात गिअरांचा, दिसायला अगदी गावठी. आमचा मेकॅनिक, त्याला सगळे उस्ताद म्हणतात, तो नुसता "तुझं तू ठरव" म्हणतो आणि विडी शोधत निघून जातो. तू तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीस. सांग, कुठला?

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद, आणि कान धरून एक चिमटा.

खोकं सात तारखेला मिळालं. पोस्टमन म्हणाला, "ताई, आत काहीतरी खुळखुळतंय, फुटलं असेल." म्हटलं, फुटलेलंच मागवलंय.

अगं, निवृत्त झाल्यापासून माझ्या लेथवर धूळ बसायची बाकी होती. शेजारणीच्या कुकरचं हँडल आणि जिन्याच्या गेटची बिजागरी, एवढीच काय ती कामं. तुझं खोकं उघडलं आणि मला दुपारची झोप नको झाली, जेवणही नको झालं. टेबलावरचं सगळं उचलून पांढरा कागद अंथरला, भिंग काढलं, आणि बसले पंचनाम्याला.

आमच्या टूलरूमचा नियम होता. मोडलेला भाग भंगारात टाकायच्या आधी त्याचा पंचनामा करायचा. तीन प्रश्न, तीन रकाने. कुठून मोडलं? कशामुळे मोडलं? आणि तिसरा, वाचलं काय? तिन्ही भरल्याशिवाय साहेबसुद्धा सही करत नसत.

तर ऐक. पहिले दोन पिंजऱ्यातून मोडलेत. पिंजरा म्हणजे ती खाली लोंबणारी लांब पट्टी, दोन छोटी चाकं धरून ठेवणारी. तिच्यावर दगडाचे ओरखडे स्पष्ट आहेत. इतका लांब पिंजरा जमिनीजवळ लोंबत ठेवायचा आणि दगडांतून जायचं, म्हणजे पायघोळ लुगडं नेसून कुंपणावरून उडी मारण्यासारखं आहे. तिसरा चाकाच्या तारांत ओढला गेलाय. तो तुझ्या चुकीने, कारण त्याचा लटकायचा तुकडा आधीच वाकलेला होता आणि तू तो न बघता पुढची फेरी मारलीस. खरं की नाही?

तेव्हा तिसरा घे, गावठी. उताराला बारा गिअर कशाला हवेत? तू काय डोंगर चढणार आहेस? सात पुरे. पिंजरा आखूड, म्हणजे दगडाच्या वाटेतून वर. आत क्लच आहे का बघ. क्लच असला की साखळी आदळत नाही, ताणून धरलेली राहते. आणि उस्तादला विचार की त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो का. ज्याचा एक स्क्रू गेला की सगळंच फेकायचं, त्याला मी टिकाऊ म्हणत नाही. बॅटरीवाला सुंदर आहे, पण दिसण्यावर भुलून आणलेल्या वस्तूंचं काय होतं ते तुझ्या काकांच्या मोटारीने सगळ्या घराला शिकवलंय.

आता खरी गंमत. डिरेलर ज्या चपट्या तुकड्याने फ्रेमला लटकतो तो हँगर. तुझे तिन्ही हँगर वाकलेत. मऊ, भुसभुशीत ॲल्युमिनियम! एवढ्या दणकट सायकलीत एवढा भित्रा तुकडा कुणी ठेवला? ज्याने ठेवला त्याला मी माझ्या खात्यात एक दिवस टिकू दिलं नसतं. म्हणून मी तुझ्यासाठी पोलादाचा बनवलाय. दोन दिवस खपले. मिलिंग केलं, कानशीने कडा मारल्या, तापवून पाणी दिलं, व्हर्नियरने चार वेळा मोजला. सोबत पाठवते आहे. हा मोडला तर मी आडनाव बदलीन!

पंचनाम्याचा तिसरा रकाना भरला आहे: फ्रेम वाचली. तिन्ही वेळा. म्हणजे तुझ्या बापाच्या अटीपुरती तू सुरक्षित आहेस.

हेल्मेटचा पट्टा घट्ट बांधत जा.

आत्या


१९ मार्च

आत्या, आत्या, आत्या!

तू बाई नाहीस, तू कारखाना आहेस!

गावठी बसवला. तुझा हँगर बसवला. काय बसलाय म्हणून सांगू, जणू फ्रेमबरोबरच जन्मला होता. पहिल्या फेरीला मी जरा बिचकतच होते. मुळांच्या टप्प्यात नेहमी साखळी फटाफट आपटते आणि माझं अर्धं लक्ष मागेच असतं. या वेळी मागे एकदम शांतता! फक्त टायरचा आवाज आणि माझा श्वास. आखूड पिंजरा, घट्ट क्लच. मी पहिल्यांदा त्या दगडांच्या मधून गेले, बाजूने नाही. खाली आले तर घड्याळात चार सेकंद कमी. चार! आमच्याकडे लोक अर्ध्या सेकंदासाठी आठवडाभर रडतात.

सहा दिवसांत बावीस फेऱ्या झाल्या आणि काहीही वाकलेलं नाही. काल एका दगडावर दाणकन आपटला, ठिणगी उडालेली मागच्या मुलीने पाहिली. खाली येऊन बघते तर हँगरला साधा चरा! मी सगळ्यांना दाखवत फिरले. "माझ्या आत्याने केलाय," म्हणून. एकीने तर विचारलं की तुझी आत्या दत्तक घेते का.

उस्तादने तो हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला आणि काहीतरी पुटपुटला. त्याला पुटपुटायची सवयच आहे, टायरशीसुद्धा बोलतो.

कोच म्हणतात की अशीच राहिलीस तर पाचात येशील. मी रोज झोपताना उतार पाठ म्हणते, एक एक वळण.

तुझी, वाऱ्यावर बसलेली,
भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र मी चार जणींना वाचून दाखवलं. कुकरवालीला दोनदा. तिला डिरेलर म्हणजे काय ते अजून समजलेलं नाही, पण चार सेकंदांचं तिला फार कौतुक वाटलं.

परवा तुझा बाप आला होता. मिक्सर दुरुस्त करून दिला, चहा घेतला, जाताना सहज विचारल्यासारखं विचारतो, "तिचं पत्रबित्र येतं का?" मी म्हटलं, येतं. "बरी आहे ना?" म्हटलं, उडतेय. त्यावर दारात उभा राहून चपलेचा पट्टा तीनदा नीट केलान. त्याला काळजी वाटते गं. दिवसभर लोकांच्या घरातली वायरिंग बघतो, सगळीकडे त्याला आगच दिसते. लहानपणी हा विळीजवळसुद्धा जायचा नाही.

मी आणखी दोन पोलादी बनवायला घेतलेत, असावेत जवळ.

पण एक सांग. उस्ताद नेमकं काय पुटपुटला? कामातला माणूस उगाच पुटपुटत नाही. मी स्वतः तीस वर्षं पुटपुटले आहे. शब्द न् शब्द लिही.

आत्या


५ एप्रिल

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं छान आहे. हवा छान आहे. जेवण बरं आहे. मी बरी आहे, खरंच, कोपराला थोडं खरचटलंय एवढंच. दोन दिवस सायकलीला विश्रांती दिली आहे.

तुला एक विचारायचं होतं. ॲल्युमिनियमला तडा गेला तर वेल्डिंग करून चालतं का? माझ्या एका मैत्रिणीच्या फ्रेमला मागच्या बाजूला, हँगर बसतो तिथून वर, बोटभर तडा गेलाय. तिचा डिरेलर शाबूत आहे. हँगरही शाबूत आहे. तिला जरा काळजी वाटते.

बाबांना नमस्कार सांग. म्हणजे, नको, राहू दे.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरी,

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासून आहे. तुझ्या त्या मैत्रिणीला आधी जवळ घे आणि सांग, की आत्या तिच्यावर मुळीच रागावलेली नाही.

पत्र वाचलं आणि मी तो पंचनाम्याचा कागद काढला. तिसरा रकाना. वाचलं काय? फ्रेम वाचली, फ्रेम वाचली, फ्रेम वाचली. माझ्याच अक्षरात तीनदा! उत्तर समोर लिहिलेलं होतं आणि मी त्याखाली रेघ मारून पुढे गेले. मऊ तुकडा वाकत होता म्हणून फ्रेम वाचत होती, पोरी. तो भित्रा नव्हता. त्याला तिथे ठेवलाच होता वाकायला, नाहीतर मोडायला. दगडाचा मार त्याने खायचा आणि मागच्यांना वाचवायचं. मी तिथे पोलाद बसवलं, मग मार सरळ फ्रेमला गेला. नाकापेक्षा मोती जड करून ठेवला मी.

आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही तोंड नाही. आमच्या मोठ्या प्रेसला एक मऊ पिन असायची. जास्त भार आला की ती तुटायची आणि मशीन वाचायचं. नवीन पोरं यायची, म्हणायची, "मॅडम, रोज तुटते, कडक बसवूया." मी त्यांना असं झापायचे की पुन्हा तोंड वर करायची नाहीत. तीस वर्षं जगाला शिकवलं आणि तुझ्या वेळी विसरले. का विसरले तेही सांगते. तुझ्या बापाची अट माझ्या डोक्यात बसली होती. काही म्हणजे काही मोडता कामा नये, एवढंच दिसत होतं मला. माझं चुकलं, भिंगरी. फार चुकलं. डोळ्यांत पाणी आहे म्हणून अक्षर असं आलंय.

तड्याला जोड लागतो, पण वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा धातू नरम पडतो. त्याच्यावर बसून तो उतार उतरायचा नाही. ही विनंती नाही.

आता रड थांबव आणि मला तीन गोष्टी लिही. तुला किती लागलंय. उस्ताद काय पुटपुटला होता. आणि मागचा भाग फ्रेमपासून सुटा होतो का.

आत्या


१३ एप्रिल

आत्या,

मैत्रीण तुझ्या कुशीत डोकं खुपसून बसली आहे असं समज.

कोपरच खरचटलंय, तेही झाडाला घासून, शपथ. पडलेसुद्धा नव्हते मी. २ तारखेला दगडावर आपटला, नेहमीसारखा, मी हसत खाली आले, सायकल धुतली आणि केसासारखी रेघ दिसली. वाटलं चिखल आहे. पुसली, पुन्हा पुसली. मग नखाने खरवडली, तर नख अडकलं.

उस्ताद तेव्हा म्हणाला होता, "हा मोडणार नाही, हीच तर भानगड आहे." मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण तू केलेला होता ना, मग तुला कसं लिहिणार? त्याला म्हटलं, तुम्हाला माझ्या आत्याचं काम माहीत नाही. त्याने हात जोडले आणि गेला. तेव्हा चूक निम्मी तुझी, निम्मी माझी. तू एकटीने सगळी घेऊ नकोस.

आता ऐक!! मागचा भाग सुटा होतो! आमच्या सायकलीला मागे स्प्रिंग असते, त्यामुळे मागचा त्रिकोण बोल्टांवर फिरतो. उस्तादकडे याच जातीची एक सायकल पडून आहे, तिचा पुढचा भाग गेलाय आणि मागचा ठणठणीत आहे. काल त्याने तो काढून तपासला. बेअरिंगं नवी घातली की बसेल. गावठी डिरेलरला तर काहीच झालेलं नाही, तो तसाच लागेल. फक्त हँगर नाही. इथले मऊ हँगर संपलेत, पुढची खेप २५ तारखेला. शर्यत २१ला!

आणि बाबा. अट म्हणजे अट. फ्रेमच आहे ती, छोट्यात धरता येत नाही. मी शर्यत होईपर्यंत लपवायचं ठरवलं होतं. पण तुझं पत्र आल्यापासून ते लपवणंही जमेना. तूच सांग काय करू ते. तू म्हणशील तर आज बॅग भरते. पण आत्या, मला यायचं नाहीये. अजिबात, अजिबात यायचं नाहीये.

भिंगरी


१७ एप्रिल

चि. भिंगरी,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणणाऱ्या माणसाला आधी पाणी दे. डोंगरातल्या वळणांत त्याला गाडी लागते.

तुझं पत्र काल आलं. त्याच पावली मी तुझ्या बापाच्या दुकानात गेले. तो बोर्ड उघडून बसला होता. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. तीन डिरेलर, गावठी, माझा पोलादी पराक्रम, तडा. म्हटलं, मोडली ती तिने नाही, मी मोडली. बॅग भरायची तर माझी भर.

त्याने पक्कड खाली ठेवली. मग म्हणतो, "ताई, थांब. तो मऊ तुकडा आधी मोडायचा, म्हणून बाकीचं वाचायचं?" म्हटलं, हो. "म्हणजे फ्यूज!" मी मान डोलावली. "आणि तू फ्यूजमध्ये जाड तार घातलीस?" असा ओरडला की समोरचा औषधवाला बाहेर आला! तीस वर्षं घराघरांत हा याच एका गोष्टीवरून लोकांना शिव्या घालतोय, आणि सख्ख्या बहिणीने तेच केलं. मला इतकं बोलला, इतकं बोलला, की तुझ्यावर रागवायला त्याच्याकडे काही उरलंच नाही. मी मुकाट ऐकून घेतलं. मऊ तुकड्याचं काम काय असतं, ते आता मला पक्कं समजलंय.

मग त्यानेच दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्या घरी आला. तुझ्या जुन्या हँगरवरून मापं मी घेतली, ॲल्युमिनियम त्याने कापलं. काल संध्याकाळपर्यंत आणि आज सकाळी, सहा केले. प्रत्येक मी मोजलाय, प्रत्येक त्याने वाकवून बघायचा हट्ट धरला, तेव्हा सातवा करून त्याच्या हातात दिला.

अटीचं तो काही बोललेला नाही. मीही विचारलं नाही. आता तुमचं तुम्ही बघा.

प्रत्येक वेळी आपटलीस की हँगर सरळ आहे का बघायचं, मगच पुढची फेरी.

आत्या


२१ एप्रिल

आत्या!!

चौथी! चौथी आले! पाचात! संघात!

घाईत खरडतेय, वाचता येत नसेल तर बाबांकडून वाचून घे, ते तिकडेच येतायत. सगळं सांगते. सकाळी सरावाची शेवटची फेरी होती. उस्तादने बसवलेला मागचा भाग, गावठी, तुमचा हँगर, सगळं लोण्यासारखं चाललं होतं. आणि खालच्या दगडांत, खाड! साखळी सैल, पॅडल मारलं तर चाकाला जोरच नाही. मी तशीच घरंगळत खाली आले. शर्यतीला चाळीस मिनिटं! बाबा दोरीपलीकडे उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक. "काय मोडलं?" मी खाली वाकून बघितलं. फ्रेम साफ. डिरेलर साफ, नुसता एक चरा. हँगर बरोब्बर मधून दोन तुकडे! मी ओरडले, "बाबा, फक्त हँगर!" आणि बाबांनी, आपल्या बाबांनी, सगळ्यांसमोर टाळी वाजवली! खिशातून दुसरा काढून माझ्या आधी उस्तादच्या पुढे धरला. उस्तादने नऊ मिनिटांत बसवून गिअर लावून दिले. जाताना म्हणतो, "आत्याबाईंना सांग, हा बरोबर मोडला."

मग मी वर गेले आणि उतरले. ती फेरी मला आठवतच नाही. फक्त शांतता आठवते, आणि शेवटच्या उडीवर खाली बाबांचा निळा शर्ट.

तुझी लाडकी, संघातली,
भिंगरी

(खालची जागा बाबांनी मागितली आहे. मी बघत नाहीये.)

ताई,

पोहोचलो. वळणांत दोनदा गाडी लागली.

वरून तो उतार बघितला. तू बघू नकोस. ती खाली येताना मी डोळे मिटले होते, हे तिला सांगू नकोस.

सहापैकी एक मोडला. ते दोन तुकडे माझ्या खिशात आहेत, दुकानात समोर टांगणार आहे. दुसरा सायकलीला आहे. चार शिल्लक, ते इथेच ठेवून येतोय.

चार काही वर्षभर पुरणार नाहीत. मी आलो की आणखी करायला घेऊ.